पाळकाचा कान

एकोणिसावे शतक संपता संपता तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले. त्या रुळांवरून आधी खानदेशचा कापूस सुरतेकडे गेला, मग खानदेशची माणसे गेली. आज लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना या भागांत अहिराणी ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. यंत्रमागांवर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत राबणाऱ्या या वस्त्यांत श्रावणात कानबाई बसते, भाद्रपदात गणपती बसतात आणि महापालिकेच्या शाळांत मुले मराठीतून धडे गिरवतात. त्याच शहरात ओडिशातून आलेला मागवाला राहतो, सौराष्ट्रातून आलेला रत्नकलाकार राहतो आणि तापी जिल्ह्यातून किंवा डांगातून मजुरीला आलेला गामित, चौधरी, कुकणा राहतो. यांतला प्रत्येक जण गावाहून निघताना फारसे काही बरोबर आणू शकला नाही. गाणी मात्र आणली.

अशा शहरात एखाद्या मेथडिस्ट पाळकाची नेमणूक होते. मेथडिस्ट पाळक एका जागी आयुष्य काढत नाही. परिषद भरते, बिशप नेमणुका जाहीर करतात आणि पाळकाचे कुटुंब सामान बांधते. समजा, या नव्या पाळकाला धर्मशास्त्राइतकाच संगीताचा आणि लोकसंस्कृतीचा नाद आहे. बायबलच्या टीकाग्रंथांशेजारी त्याच्या कपाटात तुकारामाची गाथा आहे, तो भजनी मंडळांत जाऊन बसतो, लग्नघरातल्या बायकांची गाणी ऐकतो. मंडळीतली वडीलधारी माणसे यावर काय म्हणतात, हे ओळखीचे आहे. पाळकसाहेब हौशी आहेत, असे म्हणतात. संदेश देणे हे काम आणि गाणे ही हौस, अशी वाटणी त्या कौतुकात दडलेली असते.

ही वाटणी चुकीची आहे. मेथडिस्ट परंपरेत गाण्याची आणि लोकांच्या संस्कृतीची ओढ हा पाळकाच्या कामाचा गाभा आहे, आणि सुरतेसारख्या शहरात ज्याला ती नाही त्याचे निम्मे काम व्हायचे राहते. पण ही ओढ आंधळी असून चालत नाही. कुणाचे गाणे घ्यायचे, कुणाला विचारून घ्यायचे आणि घेतल्यावर त्याचे ऋण कसे मानायचे, हे न कळणारा रसिक पाळक बेसूर पाळकापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

मेथडिझमच्या जन्माची तारीख म्हणून २४ मे १७३८ सांगितली जाते. त्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत जॉन वेस्ली यांना आपले अंतःकरण विलक्षण उबेने भरून आल्याचा अनुभव आला. तो अनुभव खाणकामगारांपर्यंत आणि विणकरांपर्यंत पोचला तो मात्र गाण्यातून. धाकटे बंधू चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांहून अधिक गीते लिहिली. जॉन यांनी १७६१ मध्ये गाणाऱ्यांसाठी सूचनाच छापल्या: सगळ्यांनी गावे, अंगात जोर आणून गावे, पण शेजाऱ्याचा आवाज बुडेल असे ओरडू नये, ताल सोडू नये आणि मन देवाकडे ठेवावे. १७८० मध्ये निघालेल्या त्यांच्या मोठ्या संग्रहात ५२५ गीते होती. त्यांची मांडणी सणावारांनुसार केलेली नव्हती. माणूस श्रद्धेत कसा येतो, कसा अडखळतो, कसा झगडतो, या क्रमाने ती केलेली होती. साध्या माणसाला हाती आलेले तेच पुस्तक धर्मशास्त्र म्हणून पुरत असे.

चाली कुठून आल्या हेही पाहण्यासारखे आहे. देवाच्या प्रेमावरच्या चार्ल्स वेस्ली यांच्या १७४७ च्या एका विख्यात गीताचा साचा ड्रायडन आणि पर्सेल यांच्या १६९१ च्या ‘किंग आर्थर’ या संगीत नाटकातल्या पदाचा आहे, आणि ते पद रंगभूमीवर व्हीनस ही प्रेमदेवता गाते. लंडनच्या नाट्यगृहांत वाजवणाऱ्या योहान लाम्पे या जर्मन संगीतकाराने १७४६ मध्ये चार्ल्स यांच्या गीतांना चाली लावल्या. हॅन्डेलनेही तीन गीतांना चाली दिल्या. म्हणजे ज्या चाली आज सुरतेपासून नागपूरपर्यंत ‘खऱ्या चर्चच्या’ म्हणून गंभीरपणे गायल्या जातात, त्यांतल्या काहींच्या अंगाला आपल्या काळी नाटकमंडळीचा वास होता. संगीत नाटकाचा पडदा आणि देवघर यांच्यात महाराष्ट्रानेही कधी पक्की भिंत घातली नाही, तेव्हा मराठी माणसाला याचे नवल वाटू नये.

या परंपरेतला अस्सल पाळक पाहायचा तर फिलाडेल्फियाकडे पाहावे लागते. चार्ल्स आल्बर्ट टिंडली यांचा जन्म १८५१ च्या सुमारास मेरीलँडमध्ये झाला. वडील गुलाम होते. टिंडली स्वतःच्या प्रयत्नाने वाचायला शिकले, फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये झाडलोट आणि राखणदारी करू लागले, आणि १९०२ मध्ये त्याच मंडळीचे पाळक झाले. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत मजुरीसाठी आलेले कृष्णवर्णीय लोक त्यांच्या मंडळीत येत. टिंडली यांनी त्यांच्यासाठी गाणी लिहिली, आणि त्यांत मळ्यांवरच्या जुन्या गाण्यांचे हेल होते, प्रश्नोत्तरासारखी उचल होती, घरभाड्याची आणि भुकेची काळजी होती. पुढे ज्याला ‘गॉस्पेल’ म्हणून जगाने डोक्यावर घेतले, त्याच्या आद्य रचनाकारांत त्यांचे नाव घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिहिलेले एक गीत ‘वुई शॅल ओव्हरकम’चे एक मूळ असावे, असे काही अभ्यासक मानतात; चाल वेगळी आहे, आणि त्या गाण्याची वंशावळ गुंतागुंतीची आहे. पण गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी शब्दांत ‘हम होंगे कामयाब’ होऊन ते आपल्या शाळाशाळांत पोचले आहे. प्रार्थनेला रांगेत उभे राहून ते गाणाऱ्या मुलांना एका मेथडिस्ट पाळकाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. स्थलांतरित मजुरांच्या पाळकाने त्यांच्याच सुरात लिहिले, म्हणून हे घडू शकले, एवढे मात्र खरे.

सुरतेचा पाळकही स्थलांतरित मजुरांचा पाळक आहे.

सुरतेत प्रोटेस्टंट मिशनचे काम १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फायव्ही यांनी सुरू केले. त्यांनी छापखाना घातला, गुजराती बायबल छापले. १८४० च्या दशकात हे ठाणे आयरिश प्रेस्बिटेरियनांकडे गेले. या परंपरेतल्या जोसेफ व्हॅन सोमरेन टेलर यांनी गुजराती व्याकरण लिहिले आणि ‘काव्यार्पण’ नावाने गुजराती ख्रिस्ती गीतेही दिली. व्याकरण आणि गीत एकाच माणसाच्या हातून यावे, यात आश्चर्य नाही. भाषेचे वजन ज्याला कळते त्यालाच तिच्यात गाता येते.

वजनाची ही गोष्ट बारकाईने पाहायला हवी, कारण भाषांतरित गीतांचे सगळे दुखणे तिथे आहे. इंग्रजी गीत आघातांवर चालते, जोरकस अक्षर ठोक्यावर पडते. मराठी आणि गुजरातीत असा ठाशीव आघात नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घ, अक्षरसंख्या आणि ठेहराव यांवर ओळ उभी राहते. अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. चौथ्या चरणापाशी गाणारा दम घेतो आणि तेवढ्यात अर्थ आत उतरतो. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ‘चा’, ‘ला’, ‘ने’ असले प्रत्यय सर्वांत जोरात उच्चारावे लागतात आणि ज्या शब्दात जीव आहे तो कोपऱ्यात जातो. चार पिढ्या अशी गीते गाऊन मंडळीला ती प्रिय झाली आहेत, आणि तो जिव्हाळा खरा आहे. आजीच्या अंत्यविधीला गायलेले गीत भाषांतरित आहे म्हणून कुणी फेकून द्यावे, असे कोणताही शहाणा पाळक सांगणार नाही. पण नव्या श्रद्धेला स्वतःचे बोलायचे असेल तर तिला स्वतःच्या वजनाची ओळ लागते.

मराठी ख्रिस्ती गाण्याला ती ओळ नगर जिल्ह्यात सापडली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली, आणि १८६० च्या दशकात तिथे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला. नंतर नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे उघड सांगितले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. टिळकांची भजने आजही ‘उपासना संगीत’ उघडून गायली जातात, आणि ती गाणाऱ्याला आपण कुठल्या मिशनचे, हा प्रश्न पडत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. ७ जानेवारी १९८१ रोजी त्यांनी स्वतंत्र ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ उभे केले. घटना आणि मालमत्ता यांवर जे जुळले नाही ते भजनांनी केव्हाच जुळवले होते.

सुरतेचा या कहाणीशी आणखी एक, फारसा आठवला न जाणारा संबंध आहे. १८४४ मध्ये इथे दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा मराठी व्याकरणकार आणि त्या वेळी सुरतेत शिक्षक होते. एकच ईश्वर, जातिभेद नको, जादूटोणा खोटा, असे ही सभा सांगत होती, आणि मांत्रिकांना चारचौघांत आव्हान देण्याइतके धैर्य तिच्यात होते. दादोबा सुरतेहून गेले, पुढे दुर्गारामही गेले आणि सभा विरली. मुंबईत परमहंस सभा आली, तीही गेली. १८६७ चा प्रार्थना समाज मात्र टिकला, आणि त्याच्या उपासनेत तुकारामाचे अभंग होते. अहमदाबादेत १८७१ मध्ये प्रार्थना समाज निघाला तेव्हा भोळानाथ साराभाई यांनी मराठी अभंगाचा घाट गुजरातीत नेला आणि ‘अभंगमाला’ लिहिली. सभा विरण्याची कारणे अनेक असतात. तरीही वादविवादावर उभी राहिलेली चळवळ तिचे वक्ते बदलून गेल्यावर संपते आणि गाण्यावर उभी राहिलेली चळवळ घरात शिरते, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

भोळानाथांचे चिरंजीव नरसिंहराव दिवेटिया यांनी न्यूमनच्या १८३३ च्या एका विख्यात इंग्रजी प्रार्थनागीताचा गुजराती अवतार केला आणि तो गांधीजींच्या आश्रमात रुजला. आश्रमातल्या गाण्याची धुरा पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्याकडे होती. विष्णु दिगंबर पलुस्करांचा हा मराठी शिष्य साबरमतीला राहिला, ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली, दांडीयात्रेत चालला. १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरायचे होते, आणि तिथेच त्यांना मृत्यूने गाठले. एका मराठी गवयाने गुजरातेत बसून नरसी मेहता, तुकाराम, मीरा आणि ख्रिस्ती गीते एका पुस्तकात ठेवली. कुणी कुणाचा धर्म घेतला नाही, पण प्रत्येकाचा कान मोठा झाला.

इथवरची सगळी उदाहरणे पाळकाच्या बाजूची आहेत. विरोधही गंभीर आहे, आणि तो दोन बाजूंनी येतो.

पहिला विरोध मंडळीतून येतो. ढोल वाजला, टिमली नाचाचा ठेका धरला, कीर्तनाची धाटणी आली की काही वृद्ध विश्वासी अस्वस्थ होतात. त्यांना मागासलेले ठरवून मोकळे होणे हा अन्याय आहे. ज्या माणसाने ढोलाच्या नादात अंगात येताना, भगताच्या धाकात घर बुडताना, दारूच्या रात्री उजाडताना पाहिल्या, त्याच्यासाठी तो ठेका नुसता ताल नाही. महाराष्ट्रातल्या मांग किंवा महार घरातून आलेल्या ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत तर गोष्ट आणखी खोल आहे. हलगी हे त्याच्या आजोबांचे रसिकतेने निवडलेले वाद्य नव्हते. गावाने ते त्याच्या हातात जातीचे काम म्हणून दिले होते, आणि ते वाजवताना तो देवळाच्या बाहेर उभा होता. बाप्तिस्म्यानंतर हलगी खाली ठेवणे ही त्याची मुक्ती होती. ब्राह्मण टिळकांना तुकारामाचा पूल लाभला, तसाच पूल प्रत्येकाला आयता मिळत नाही.

भारतीय चर्चच्या ‘देशीकरणा’ची मोठी चूक इथेच झाली. देशी म्हणजे संस्कृतप्रचुर, देशी म्हणजे सतार आणि समई, असे समीकरण धरले गेले. बहुसंख्य विश्वासी ज्या वाड्या-पाड्यांतून आले, तिथल्या सुरांना त्यात जागा मिळाली नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञांनी बंगळुरूतून दलित धर्मशास्त्राची मांडणी केली, ती या पोकळीवर बोट ठेवणारी होती. मदुराईत जेम्स थिओफिलस अप्पावू यांनी उलटी वाट धरली: ज्या परई वाद्याला अपवित्र ठरवले होते तेच त्यांनी उपासनेत आणले आणि खेडुतांच्या तमिळ गाण्यांत सगळा विधी बसवला. हलगी खाली ठेवणारा आणि परई वर उचलणारा, दोघेही स्वातंत्र्यच मागत होते. त्यांतले कुठले आपल्या मंडळीला हवे, हे पाळकाने पुस्तकातून ठरवू नये. ज्यांच्या अंगावर त्या वाद्याचा इतिहास आहे त्यांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर आपली आवड गिळावी.

दुसरा विरोध बाहेरून येतो आणि तो जास्त धारदार आहे. अभंगात, ओवीत, आरतीच्या चालीत ख्रिस्त गाणे हा सापळा आहे, ओळखीचा वेष घालून लोकांना फसवणे आहे, असा तो आरोप. सुरतेच्या पाळकाला हा आरोप कागदावरचा वाटू शकत नाही. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगात चर्चवर हल्ले झाले, आणि जानेवारी १९९९ मध्ये तिथे गेलेल्या पंतप्रधान वाजपेयींनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चेची हाक दिली. २००३ मध्ये गुजरातने धर्मांतरविरोधी कायदा केला, २०२१ मध्ये तो कडक केला. गाणाऱ्या माणसाभोवती संशय फिरत राहावा, ही त्या प्रदेशातली रोजची वस्तुस्थिती आहे. हिंसेला या आरोपाने कुठलेही समर्थन मिळत नाही. पण आरोप आहे म्हणून प्रश्नच खोटा, असेही नव्हे.

सूर मानाने घेण्याची आणि नुसता वापरून टाकण्याची, अशा दोन्ही तऱ्हा इतिहासात सापडतात. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापून आणले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठी भाषेवर मनापासून जीव लावलेला दिसतो. त्यांनी ज्ञानेश्वरांच्या वळणाचे छंद शिकून घेतले आणि लोकांना पुराण ऐकण्याची जी सवय होती तिचा मान राखला. तरीही हे विसरता येत नाही की तोच काळ देवळे पाडणाऱ्या सत्तेचा होता आणि पुराण लिहिणारा माणूस त्या सत्तेच्या छायेत होता. पुढे १७३६ च्या फर्मानाने गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती लग्नांतल्या ओव्यांवर बंदी घातली. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी चर्चने जो छंद धर्म सांगायला उचलला, तोच छंद बायकांच्या तोंडी आपल्या सुखदुःखासाठी राहू नये, असे चर्चला वाटले. गाणे आपल्या कामाचे असेपर्यंत घ्यायचे आणि त्याच्या मालकिणीला गप्प करायचे, ही उचलेगिरी आहे.

उचलेगिरी आणि नाते यांतला फरक कशात आहे? सूर घेणारा स्वतः बदलायला तयार आहे का, यात. टिळकांनी तुकारामाचा अभंग घेतला आणि तुकारामाचे नाव कधी लपवले नाही. उलट त्यांच्या श्रद्धेत इतकी वारकरी आर्तता भिनली की मिशनच्या कित्येक चौकटी त्यांना अपुऱ्या वाटू लागल्या. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्म्याच्या कुंपणाबाहेरच्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. सूर घेतला तेव्हा सुराबरोबर आलेला प्रश्नही त्यांनी घेतला. मेथडिस्टांमध्ये ही तयारी स्टॅन्ली जोन्स यांनी दाखवली. १९०७ मध्ये भारतात आलेल्या जोन्स यांनी १९२५ मध्ये ‘द क्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ लिहिले, गोलमेज बैठका भरवल्या आणि त्यांत नियम ठेवला की प्रत्येकाने आपल्या धर्माने आपल्याला जगताना काय दिले तेवढेच सांगावे, दुसऱ्यावर वार करू नये. ख्रिस्ती धर्म या मातीतला कसा व्हावा, असे त्यांनी गांधीजींना विचारले, तेव्हा मिळालेल्या उत्तराचा एक भाग असा होता की इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करा. जोन्स यांनी ते पुस्तकात छापले, म्हणजे सल्ला देणाऱ्याचे ऋण चारचौघांत मान्य केले.

संस्कृती शुद्ध असते, ती एकाची असते आणि दुसऱ्याने घेतली की चोरी होते, ही कल्पनाही तपासून घ्यावी. वारकरी भजनात जी पेटी वाजते ती फ्रान्समध्ये जन्मली. देबां यांनी १८४० च्या दशकात तिचे स्वामित्वहक्क घेतले, आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. या वाद्याला भारतीय संगीतात थारा नको म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत ते दूर ठेवले. तोपर्यंत पेटीने मराठी कीर्तन, तमाशा, नाटक आणि शाळेची प्रार्थना, सगळीकडे घर केले होते. चर्चच्या अंगणातून आलेला स्वर विठोबाच्या पायाशी रमला, त्याबद्दल कुणी विठोबाच्या भक्तांवर धर्मांतराचा आळ घेत नाही, आणि घेऊही नये.

आज सुरतेच्या पाळकापुढे जी अडचण आहे ती मात्र टिळकांच्या काळी नव्हती. मोबाइलवर गाणी येतात आणि ती दोन टोकांची असतात. एका टोकाला शहरी स्तुतिगीत आहे: कीबोर्डचे तेच चार स्वरमेळ, हिंदीतली तीच दहा-बारा विशेषणे, सिडनीत किंवा अमेरिकेत ठरलेली चाल. सुरत, नाशिक, रायपूर, कुठेही ते सारखेच वाजते. दुसऱ्या टोकाला गामित, वसावी, कुकणा बोलींतली येशूगीते आहेत, टिमलीच्या ठेक्यावरची, गावातल्या पोरांनी स्वस्तात ध्वनिमुद्रित केलेली, लग्नात आणि नाताळात नाचता येतील अशी. धर्मशिक्षण घेतलेल्या पाळकाला पहिली आदबशीर आणि दुसरी उथळ वाटण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात दुसऱ्या गाण्यांत अधिक घडते आहे. त्यांचे शब्द कच्चे असतील, आवाज यंत्राने ताणलेला असेल, पण आपल्या बोलीत देवाशी बोलण्याचा हक्क त्या पोरांनी कुणाला न विचारता बजावला आहे. पाळकाने तिथे जाऊन बसावे, शब्द घासायला मदत करावी, बायबलातला विलाप आणि न्यायाची मागणी त्या गाण्यांत कशी आणता येईल हे सुचवावे. नाचता येणाऱ्या गाण्यात थकलेल्या मजुराचे रडणेही मावले पाहिजे. स्तोत्रसंहितेत ते मावलेले आहे.

श्रीलंकेतील डी. टी. नाइल्स हे जाफन्याचे तमिळ मेथडिस्ट पाळक. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमला जागतिक चर्च परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात त्यांनी प्रवचन दिले, आणि पुढे पूर्व आशियाई चर्चसंघटनेच्या कामात दिवसरात्र फिरले. असा पुढारी सभा आणि ठराव यांतच बुडून जायचा. नाइल्स यांनी १९६३ मध्ये आशियाई चर्चसाठी गीतसंग्रह काढला, देशोदेशींच्या चाली गोळा केल्या आणि अनेकांना स्वतः शब्द दिले. त्या शब्दांची भाषा इंग्रजी राहिली, ही त्याची मर्यादा. तरी ब्रह्मदेशातली चाल तमिळ माणसाने आणि तमिळ चाल जपानी माणसाने गावी, हा हट्ट त्यात होता, आणि सुरतेला तोच हट्ट लहान प्रमाणात करता येईल. एका रविवारच्या उपासनेत अहिराणी ओवी, गुजराती भजन, ओडिया प्रार्थना आणि गामित गीत एकामागून एक येऊ शकतात, पण त्यासाठी प्रत्येक गटाने दुसऱ्याचे एक गाणे तरी शब्दार्थासह शिकले पाहिजे. नुसते आपापले गाऊन बसले तर ते कार्यक्रमपत्रिकेतले चार आयटम होतात.

यासाठी पाळकाला वेळ लागतो आणि संस्थेने तो द्यायला हवा. बदलीवर आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यापासून इमारतनिधी, कमिटी आणि कोर्टकज्जे यांत जुंपले की तो ऐकायला कधी शिकणार? धर्मविद्यालयांत हिब्रू-ग्रीक शिकवतात तसे तालाचे मूलभूत शिक्षण, ओवी-अभंग-पद यांची बांधणी आणि ज्या भागात जायचे तिथल्या गाण्यांचा इतिहास शिकवला पाहिजे. एखाद्या मराठी कीर्तनकाराला, आदिवासी लोकगायकाला त्या वर्गात मानधन देऊन बोलवावे, आणि तो ख्रिस्ती असण्याची अट घालू नये.

सर्वांत तातडीचे काम मात्र नोंदीचे आहे. टिळक आणि सांगळे यांची नावे छापील पुस्तकांमुळे टिकली. डांगातल्या, सोनगड-व्यारा भागातल्या, नवापूरच्या मंडळ्यांत गाणी बांधणाऱ्या बायांची आणि तरुणांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत. त्यांची गाणी मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नाव गळते, मग कुणीतरी मोठा गट ते गाणे हिंदीत करतो आणि आपल्या नावावर लावतो. गुजरात आणि मुंबई प्रादेशिक परिषदांनी मिळून ठरवले तर प्रत्येक पाळक आपल्या मंडळीतल्या दहा गाण्यांचा पाठ, चाल, बोली, गाव आणि बांधणाऱ्याचे नाव लिहून देऊ शकेल, आणि पुढच्या गीतसंग्रहात टिळकांच्या भजनाशेजारी लिंबायतच्या एखाद्या मागावरच्या बाईचे गाणे तिच्या नावासकट छापता येईल.